ताईच्या नऊ टोपल्या

ताई,

परवा तुझं दहावं झालं. घर अजून माणसांनी भरलेलं आहे. जो येतो तो ओटीवर माझ्याशेजारी बसतो, तू किती गुणाची होतीस ते मला सांगतो आणि मी मान हलवतो. तू हट्टी होतीस, कालवणात मीठ कायम कमी घालायचीस आणि खेळात हरलीस की घरी परतताना अर्ध्या वाटेपर्यंत तोंड उघडायची नाहीस, हे कुणीच सांगत नाही. मला तर तीच तू जास्त आठवतेस. म्हणून आज सकाळी मनीषाला सांगून मी वर माळावर आलो. पहिल्या टोपलीजवळच्या काजूखाली वही घेऊन बसलोय. बोंडं पडलीत सगळीकडे, माश्या घोंगावतायत. खाली खाडीत आगरदांड्याची फेरीबोट निघालीय. तिच्यावरच्या गाड्या इथून काड्यापेट्यांएवढ्या दिसतात.

तुझ्याशी बोलायचं तर इथंच. घरात आपण कधी फारसं बोललोच नाही. तिथं तू स्वयंपाक करायचीस आणि मी पेपर वाचायचो. बोलणं आणि भांडणं सगळी या डोंगरावर.

तुझ्या निवृत्तीच्या वर्षी अल्ताफ रजेवर आला होता. दिघीचा अल्ताफ, तुझ्या हाताखाली शिकलेला, आता बोटीवर इंजिनखात्यात. परदेशातल्या कुठल्याशा बंदरात त्यांची बोट आठवडाभर अडकली होती आणि गावाबाहेरच्या डोंगरावर त्यानं माणसं प्लॅस्टिकच्या थाळ्या फेकताना पाहिली. समोर लोखंडी खांब, खांबाला वरून साखळ्या लोंबणाऱ्या, साखळ्यांखाली टोपली. थाळी साखळ्यांवर आपटून टोपलीत पडली की झालं. ते बघताना त्याच्या मनात पहिली आलीस ती तू. तीस वर्षं तू हायस्कुलात खेळाच्या बाई होतीस आणि पोरींना थाळीफेक शिकवत होतीस. तीन थाळ्या घेऊन तो आपल्या ओटीवर आला आणि म्हणाला, "बाई, याला डिस्क गोल्फ म्हणतात. इथं कुणाला जमलं तर तुम्हालाच जमेल."

मी तेव्हा गावात नव्हतो. पण हे तू मला इतक्या वेळा सांगितलंस की मी ओटीवरच होतो असं मला वाटतं. पहिली थाळी तू अंगणातून टाकलीस. ती आंब्यावरून गेली आणि शेवटी डावीकडे वळून शेजारच्या गोठ्यावर पडली. "शाळेतली थाळी अशी वळत न्हाय," तू म्हणालीस. "ही हलकी हाय. हिला वारा कळतो." दुसऱ्या दिवशी सकाळी तू चुन्याची पिशवी घेऊन डोंगर चढलीस.

आपला हा माळ अण्णांनी जमिनीत कधी धरलाच नव्हता. कातळ, करवंदीच्या जाळ्या, मधून जाणारा वहाळ, पलीकडे ती घळ. पावसात गुरं सोडायची आणि दसऱ्यानंतर गवत कापायचं, एवढाच त्याचा उपयोग. तू महिनाभर रोज सकाळी वर जायचीस, एका जागी उभी राहून थाळी टाकायचीस, ती पडेल तिथं जायचीस, परत टाकायचीस. जिथं तुला आवडलं तिथं चुन्याची फुली. अशा नऊ फुल्या झाल्यावर तू वहीतलं चित्र घेऊन म्हसळ्याच्या वेल्डरकडे गेलीस. त्यानं चित्र उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "बाई, नऊ खुराडी कशाला लागतात तुम्हाला? कोंबड्या किती हायत?"

गावानंही तेच विचारलं, फक्त तुझ्यामागे. तुझ्यासमोर ते विचारायचे, हा खेळ कसला? आणि तू प्रत्येकाला तेवढंच सांगायचीस. "इथून टाकायची. जिथं पडेल तिथून परत टाकायची. टोपलीत जाईपर्यंत. ज्याच्या फेका कमी, तो जिंकला."

मी आलो तो त्यानंतरच्या दिवाळीत. आलो म्हणजे मनीषानं पाठवलं. कंपनीतलं आमचं युनिट बंद झालं होतं. अठ्ठावीस वर्षं बॉयलरवर काढली होती मी. घरी बसल्यावर कामोठ्याच्या फ्लॅटमध्ये मी खिडकीचा पडदा ओढून राहायला लागलो. आठ-आठ दिवस दाढी नाही. मुलीचा बंगलोरहून फोन आला तर "ठीक आहे" याच्या पलीकडे शब्द नाही. मनीषा समोर बसून रडली तरी मला काही वाटायचं नाही, आणि आपल्याला काही वाटत नाही याची भीती वाटायची. तिनं तुला काय सांगितलं मला माहीत नाही. तू म्हणालीस, "आठ दिवस पाठव त्याला."

ते आठ दिवस अजून संपलेले नाहीत.

मला वाटलं होतं, तू समजूत काढशील. मी सगळी उत्तरं तयार ठेवली होती. पहिल्या सकाळी तू चहा दिलास आणि कप खाली ठेवायच्या आत हातात कोयता दिलास. "चौथीकडून पाचवीकडे जायला वाट नाही. करवंदी तोड."

"कसली चौथी, कसली पाचवी?"

"वर गेलास की दिसेल."

चार दिवस मी काटे तोडले. हात सोलून निघाले. तू लांबून बघायचीस, कधी पाण्याची बाटली ठेवून जायचीस, पण कंपनीबद्दल एक प्रश्न केला नाहीस. पाचव्या दिवशी तू मला थाळी दिलीस. मी खांद्यातून सगळा जोर लावून ती भिरकावली आणि ती सरळ जाळीत शिरली. अर्धा तास मी गुडघ्यांवर रांगत होतो. सापडली तेव्हा दोन्ही हातांवर ओरखडे, शर्ट फाटलेला. मी तुझ्यावर ओरडलो, "काय येडेपणा चाललाय हा म्हातारपणी?"

ताई, सहा महिन्यांत मी पहिल्यांदा कशावर तरी चिडलो होतो. मला ते कळलं नाही, तुला कळलं. तू एवढंच म्हणालीस, "परत टाक. या खेपेला फेकू नको, ओढ. होडीच्या मशीनची दोरी ओढतात ना, तशी. खांद्याला न्हाय, मनगटाला काम दे."

त्या हिवाळ्यात मी रोज वर येत राहिलो. आधी तुझ्या धाकानं, मग आपोआप. चढावर टाकताना थाळीची पुढची कड उचलली गेली तर ती हवेत उभी राहते आणि माघारी येते. उतारावर टाकली तर ती जमिनीवर यायलाच तयार होत नाही, खालच्या काजूंवरून तरंगत राहते. अकरानंतर समुद्राचा वारा चढतो, मग कुणाचंच काही चालत नाही. हे सगळं शिकताना मला रात्री झोप लागायला लागली. दुसऱ्या टोपलीच्या कातळावर फोनला चांगली रेंज मिळते, म्हणून मी तिथून दर रविवारी मुलीला फोन करायला लागलो. तिसऱ्या रविवारी तिनं विचारलं, "बाबा, तुम्ही हसलात का आत्ता?" संक्रांतीला मनीषा मला न्यायला आली आणि ती पण राहिली.

गावाचं मन वळलं ते सखूकाकीमुळे. वरच्या वाडीतल्या बायका लाकडाच्या मोळ्या घेऊन आपल्या तिसऱ्या टोपलीजवळून खाली उतरतात. एके दिवशी काकीनं मोळी खाली टाकली, कमरेवर हात ठेवला आणि म्हणाली, "बाय, मना दे ती ताटली." सत्तरीची बाई. आठ पावलांवरून तिनं ती अशी सोडली की साखळ्या खणखणल्या आणि थाळी आत. काकी मोळी परत डोक्यावर घेत म्हणाली, "भाकरी तव्यावं टाकायपेक्षा सोपा हाय." त्यानंतर वाटेनं जाणारी एकही बाई एक तरी थाळी टाकल्याशिवाय गेली नाही. तू त्यांच्यासाठी खांबाला एक जुनी पिशवी अडकवून ठेवलीस आणि तिच्यात दोन थाळ्या. त्या कधी हरवल्या नाहीत.

सातवीवरून मात्र आपण शेवटपर्यंत भांडलो. कातळाच्या टोकावरून टाकायचं, मध्ये घळ आणि पलीकडे बैलगाडीएवढ्या रुंद पट्टीवर टोपली. थाळी जरा आखूड पडली की सत्तर-ऐंशी फूट खाली. माझ्या किती थाळ्या तिथं गेल्या आणि किती वेळा मुळं धरून मी खाली उतरलो! मी म्हणायचो, टोपली दहा पावलं मागं घे. तू म्हणायचीस, "घळ हाय म्हणून तर टोपली तिथं ठेवली. तुला सपाटी पायजे तर घरी बसून कॅरम खेळ." आणि ती किती फेकांत व्हायला हवी, हा दुसरा वाद. तुझ्या मते तीन, माझ्या मते चार. तिथल्या पाटीवर तू खडूनं तीन लिहायचीस, मी पुसून चार करायचो, दुसऱ्या सकाळी परत तीन. मनीषा वैतागून म्हणायची, "साडेतीन लिहा आणि जेवायला बसा."

मागच्या थंडीत पुण्याहून चौघं आले, त्यांचं मला लिहायलाच हवं. अल्ताफनं माळाचा व्हिडिओ कुठंतरी टाकला होता, तो बघून आलेले. प्रत्येकाच्या पाठीवर वीस-वीस थाळ्यांची पिशवी, पायात महागडे बूट. तुझ्याकडे बाजारच्या कापडी पिशवीत तीनच थाळ्या. त्यांच्यातला निखिल म्हणून मुलगा अदबीनं बोलला, "काकू, तुम्ही स्कोअर लिहाल का?"

"लिहीन," तू म्हणालीस. "आणि खेळीन पण."

सहाव्या टोपलीपर्यंत तू निखिलच्या दोन फेका पुढं होतीस. सातवीला तुझी थाळी पट्टीच्या कडेला लागून मागं घसरली, तिथं त्यानं तुला गाठलं. नववीला दोघंही बरोबरीत. त्याची थाळी टोपलीत गेली. तुझी आठ पावलांवर पडलेली. ही गेली तर बरोबरी, चुकली तर हार. तू रुमालानं हात पुसलास, उजवा पाय पुढं घेतलास आणि सोडलीस. साखळ्या वाजल्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी तर शिट्टी घातली.

तू पुढं जाऊन थाळी काढलीस आणि म्हणालीस, "माझा पाय खुणेच्या पुढं पडला. माझी एक फेक वाढवा."

निखिल म्हणाला, "काकू, आम्ही कुणीच नाही बघितलं."

"मी बघितला ना."

वहीत तू स्वतःच्या हातानं एक फेक वाढवलीस आणि एकानं हरलीस. त्यांना तू घरी नेऊन आंबोळ्या खाऊ घातल्यास. ते गेल्यावर मी स्वयंपाकघरात तुझ्यावर तुटून पडलो. कशाला बोललीस, कुणाचं काय अडलं होतं, चार पोरांसमोर तुला हरताना बघायचं नव्हतं मला. तू भांडी विसळत होतीस. "तीस वर्षं मी पोरींना ओरडले, पाय रेषेच्या मागं, पाय रेषेच्या मागं. आता मीच पुढं टाकू?"

"त्या पोरी कुठं बघत होत्या?"

"म्हणून काय झालं, सुध्या?"

मला त्यावर उत्तर होतं. पण तेवढ्यात मला दुसरंच काही आठवलं. मी अंगणात निघून गेलो. तुला वाटलं असेल रागावून गेला.

जे आठवलं ते असं. तू बारावीत होतीस, मी आठवीत. थाळीफेकीत तू जिल्ह्यात पहिली आली होतीस आणि राज्याच्या स्पर्धा नागपूरला होत्या. शाळेचे सर बरोबर होते, पण अण्णांचं म्हणणं, घरचं पुरुषमाणूस सोबत हवं. त्यांना भातझोडणी सोडून जाता येत नव्हतं. घरचं दुसरं पुरुषमाणूस म्हणजे तेरा वर्षांचा मी. अण्णा म्हणाले, सुधीर जात असेल तर जा. तू आईच्या पेटीतली पिशवी काढून माझे कपडे तुझ्या कपड्यांवर घडी करून ठेवलेस. आणि रविवारी आमची खालच्या आळीशी क्रिकेटची मॅच होती. निघायच्या दिवशी सकाळी मी पोट धरून आडवा झालो. आईनं ओवा दिला, अण्णांनी वैद्याला आणलं. एस.टी. निघून गेली. तू पिशवीतून एकेक कपडा काढून परत पेटीत ठेवत होतीस, ते मी गोधडीतून पाहिलं. दुसऱ्या दिवशी मी बरा झालो आणि मॅच खेळलो. दोन धावा काढून आउट झालो.

पुढच्या वर्षी तू कॉलेजात स्पर्धेत उतरली नाहीस. पुढे शिक्षिका झालीस. घरात तो विषय परत कुणी काढला नाही. मी तर नाहीच.

या दिवाळीत तुला जेवण जाईनासं झालं. मुंबईत तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं, पण तोवर तू बाकावर बसून रिपोर्ट वाचून टाकला होतास. परतीच्या वाटेवर गाडीत तू म्हणालीस, "औषधं घेईन. दवाखान्यात राहायची न्हाय." मी माणगाव येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होतो. तूच माझ्या गुडघ्यावर थापटलंस.

माघात एका सकाळी तू म्हणालीस, आज चालते वर. मनीषा नको म्हणत होती. तुझे कॅनव्हासचे बूट सैल झाले होते, मी खाली बसून नाड्या आवळल्या. पहिली, दुसरी आपण सावकाश केली. तिसरीच्या चढाला तू दगडावर बसलीस आणि म्हणालीस, आता तू खेळ, मी बघते. हवा स्वच्छ होती. खाडीच्या तोंडापर्यंत दिसत होतं. मला वाटलं, आता बोललो नाही तर राहून जाईल.

"ताई, तुला एक सांगायचंय. नागपूरच्या वेळचं."

तू खाडीकडे बघत होतीस. "वारा उजवीकडून हाय. जरा उजव्या अंगानं टाक."

"ताई, मी काय म्हणतोय..."

"ऐकू आलं मला. आधी टाक."

मी टाकली. ती टोपलीच्या दोन हातांवर पडली. "बघ," तू म्हणालीस, "ऐकलंस की येतं तुला." आणि माझा हात धरून उठलीस. खाली येताना तू मला कुठल्या झाडाची फांदी पावसाआधी तोडायची आणि कुठला खांब गंजलाय ते सांगत राहिलीस. मी ठरवलं, उद्या बोलू. त्यानंतर तू माळावर आली नाहीस. आणि अंथरुणावरच्या माणसाला गाठून माफी मागणं मला पटलं नाही. तू कण्हत असताना माझंही ओझं तुझ्या उशाशी ठेवल्यासारखं झालं असतं.

पण रोजचा हिशेब तू सोडला नाहीस. मी खाली आलो की डोळे न उघडता विचारायचीस, "सातवीला किती?"

"चार."

"म्हणजे एक जास्त."

"म्हणजे बरोबर."

शिमग्याची पालखी घरी येऊन गेली, त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. तू विचारलंस, "सातवीला किती?" मी म्हणालो, "तीन." तू डोळे उघडून माझ्याकडे बघितलंस. "खरंच तीन, ताई," मी म्हणालो. "तुझ्यासमोर कशाला खोटं बोलू?"

"ठाव हाय," तू म्हणालीस. "खोटं बोलताना तुझा हात पोटावर जातो. लहानपणापासनं."

आणि तू कुशीवर वळलीस. मी माझ्या हाताकडे बघत बसलो. तिसऱ्या दिवशी तू गेलीस.

दहाव्याला अल्ताफ आला होता. त्याची बोट निघायला अजून आठवडा आहे. खाडीवरचे विधी उरकल्यावर सगळे वर गेले, आम्ही दोघं काठावर मागं राहिलो. बरेच जण तुझ्या आठवणी काढत होते, तसा तोही बोलत होता. म्हणाला, "आम्ही पोरं बाईंना विचारायचो, तुम्ही जिल्ह्यात पहिल्या आलात तर राज्याला का नाही गेलात? बाई म्हणायच्या, माझा धाकटा भाऊ त्या दिवशी आजारी पडला. त्याला तसा टाकून कशी जाणार होते मी? दरवर्षी नवी बॅच आली की कुणी ना कुणी विचारायचंच. बाईंचं उत्तर तेच."

मी त्याला सांगितलं, "मी आजारी नव्हतो, अल्ताफ. माझी क्रिकेटची मॅच होती."

चव्वेचाळीस वर्षांत हे मी पहिल्यांदा माणसासमोर बोललो. मनीषालाही माहीत नाही. अल्ताफ म्हणाला, "भाई, हे आता दुसऱ्या कुणाला सांगू नका. बाईंनी तीस वर्षं जे सांगितलं, तेच राहू दे."

त्याचं बरोबर असेल. गावासाठी तेच राहील. पण तुला हे सांगायचं राहिलंय. माझ्या पोटात दुखत नव्हतं, ताई. मी यायला हवं होतं. तुला ते त्याच दिवशी कळलं होतं, तरी तू अण्णांना बोलली नाहीस, मला बोलली नाहीस, आणि वर्गात उभं राहून दरवर्षी मला आजारी पाडत राहिलीस, म्हणजे कुणी मला नाव ठेवू नये. एवढं मला कधी सुचलं नसतं. माझ्याकडे कुणाचं असं काही असतं तर भांडणात कधी ना कधी मी ते काढलंच असतं.

माफीसारखं काही मागायला मी इथं बसलो नव्हतो खरं तर. मला तुला सांगायचं होतं की माझं बरं चाललंय. पाय घट्ट झालेत. घळ उतरून चढताना आता दम लागत नाही. पडदे ओढायची सवय गेली. इथं ओढायला पडदेच नाहीत. मुलगी मे महिन्यात येतेय आणि मनीषा तिच्यासाठी आत्तापासून फणसपोळीचा घाट घालतेय. तुझ्याकडे आलो तेव्हा मी कुणाशी बोलत नव्हतो, आणि आता मनीषा म्हणते, जरा गप्प बसाल का. तू मला कधी धीर दिला नाहीस. कोयता दिलास, थाळी दिलीस, आणि रोज सकाळी सातला दारात उभी राहिलीस. तेवढं पुरलं. तुझ्या शाळेतल्या किती पोरींना तू असंच उभं केलं असशील, ते दहाव्याला आलेल्या बायकांची रांग बघून मला कळलं. त्यातली एक पोलिसात आहे, एक बोटीची तिकिटं फाडते, एकीनं लेकीचं नाव तुझं ठेवलंय. प्रत्येकीला तू कधीतरी काहीतरी हातात देऊन "परत टाक" म्हणाली होतीस.

माझं लिहून होत आलं होतं, तेवढ्यात फोन वाजला. नागावहून एक बाई बोलत होत्या, घरगुती मुक्कामाची सोय करतात त्या. त्यांच्याकडे उतरलेल्या एका मुलीला आपल्या आईबरोबर इकडे यायचंय. त्यांनी विचारलं, "ते डोंगरावरचं बाईंचं मैदान चालू आहे का अजून? आम्हाला कळलं की बाई..."

मी म्हणालो, "चालू आहे."

"कोण दाखवतं आता?"

"मी दाखवतो. त्यांचा भाऊ."

त्यांनी कुणाशी तरी काही बोलून परत विचारलं, "तिच्या आई पासष्टीच्या आहेत. त्यांना जमेल का? कधी काही खेळलेल्या नाहीत."

"जमेल. पहिल्या दोन सपाटीवर आहेत. पुढं चढ आहे, पण घाई नाही. सकाळी सातला या म्हणावं, वारा चढायच्या आत."

परवा येतायत त्या. पाचवीच्या उतारावर गवत फार सुकलंय, नवख्या माणसाचा पाय सरकेल. वही ठेवतो आणि तेवढं कापून घेतो.